मापाच्या आणि मनाच्या गोधड्या

मॉंटगोमेरी, अलाबामा

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

दुकानदाराला सगळ्या गोधड्या एका मापाच्या, एका रंगसंगतीच्या हव्यात म्हणून बचत गटात कुरबूर चाललीय, असं तू लिहिलंस. अगदी हाच पेच इथल्या गीज बेंडच्या बायकांपुढे साठ वर्षांपूर्वी आला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गीज बेंड म्हणजे अलाबामा नदीच्या वळणात अडकलेलं गाव, तीन बाजूंना पाणी. 1845 मध्ये पेटवे नावाच्या मळेवाल्याने ही जमीन घेतली आणि आपले गुलाम उत्तर कॅरोलिनातून चालवत इथे आणले. त्यांचे वंशज आजही पेटवे आडनाव लावतात. नदीपलीकडे कॅम्डेन हे तालुक्यासारखं गाव, मतदार नोंदणी तिथे. 1962 मध्ये काळ्यांच्या नोंदणीची चळवळ उभी राहू लागली आणि फेरीबोट बंद झाली. थोड्या मिनिटांच्या पाण्यासाठी रस्त्याने तासाभराचा वळसा पडला. बोट परत सुरू झाली ती थेट 2006 मध्ये!

नाव नोंदवायला गेलेल्यांची कामं गेली, कुणाची घरं गेली. अशा वेळी, 1966 मध्ये, या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही गोधड्या शिवणारी सहकारी संस्था काढली. एस्टेल विदरस्पून यांनी ती बरीच वर्षं चालवली. न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. मालकाच्या मर्जीवर न अवलंबणारा पगार म्हणजे मत द्यायची मोकळीक, इतका सरळ हिशोब होता. पण दुकानांना माल हवा मापात. नक्षी ठरलेली, टाके सारखे. 1972 पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशीअभ्रे शिवायचं काम मिळालं. त्यातली उरलेली कात्रणं बायका घरी नेत आणि रात्री आपल्या मनाने जोडत. पुढे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ज्या गोधड्या भिंतीवर लागल्या, त्या बहुतेक या घरच्या, माप न घेता केलेल्या. संस्था मात्र 2012 मध्ये बंद झाली. मापाच्या कामाला मी नावं ठेवणार नाही, चूल त्याच्यावरच पेटली. फक्त गटाने दोन्ही चालू ठेवावं.

त्यांची एक पद्धत तुझ्या मशीनवर करून बघ. ‘हाउसटॉप’ म्हणतात, म्हणजे वरून दिसणारं छप्पर. मधे चार बोटांचा चौकोन घ्यायचा. एका बाजूला दोन-तीन इंच रुंद पट्टी जोडायची, जास्तीची कापायची, काम पाव वळण फिरवून पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या टोकासकट लावायची. असं फिरत फिरत बाहेर जायचं. रंग संपला की दुसरा घ्यायचा, तिथेच गंमत येते.

बिघडतं ते असं. पट्टी न मोजता मशीनखाली सरकवत नेली की ती ताणली जाते, कडेला झालर पडते आणि काम सपाट बसत नाही. दर दोन फेऱ्यांनी काम जमिनीवर पसरून कडा सरळ कापून घे. पॅंटच्या पायाची शिवणीकडची बाजू तिरकी असते, तिथली पट्टी हटकून वाढते, म्हणून उभ्या धाग्याने कापायची. जीनला पातळ सुती कापड जोडलंस तर शिवण पातळ बाजूला दाबायची, नाहीतर जाड गाठीवर सुई मोडते. कॉर्डरॉय सुटतं फार, तिथे अर्धा इंच शिवण सोडायची.

आपण जुन्या लुगड्यांचे थर देतो, गीज बेंडच्या बायका मधे कापूस घालतात. पूर्वी सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या जमिनीवरचा झाडून आणत आणि काठीने बडवून सारखा करत. अस्तर पिठाच्या, खताच्या पोत्यांचं. तिन्ही थर चौकटीवर ताणायचे, चौघीजणी चार बाजूंनी बसणार. धावदोऱ्याच्या ओळी लांब लांब टाकल्या तर धुताना कापसाच्या गुठळ्या होतात.

एक गोधडी मात्र कशातच मोजता येत नाही. मिझुरी पेटवे यांनी 1942 मध्ये, नवरा गेल्यावर, त्याचे कामाचे कपडे उसवून ती केली. साडेसात फूट लांब, पावणेसहा फूट रुंद. विटलेला निळा, मातकट करडा, पोत्याचा पांढुरका. त्याची आठवण राहावी आणि पांघरायलाही व्हावं म्हणून, असं त्यांच्या मुलीने सांगून ठेवलंय. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची वाकळ करतात, ते हेच की.

आणि एवढं लांब कशाला बघायचं? आपल्या शेजारी, उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडे, सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातले बरेच पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. त्या कडेपासून टाके घालत आत सरकतात आणि शेवटी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी समजतात.

तू सुरुवात कोपऱ्यातून करतेस की मधून, ते पुढच्या पत्रात कळव. आणि काकांच्या जुन्या खाकी पॅंटी बोहारणीला देऊ नकोस.

तुझा,
बाळू