ज्येष्ठांसाठी बागेत कठडा हवा

महोदय,

आमच्या भागातल्या बागेत ज्येष्ठांसाठी व्यायामाची नवी यंत्रं बसवली आहेत. सगळी बसून ओढायची नाहीतर ढकलायची. आमच्या वयाला खरी धास्ती असते ती तोल जाण्याची, त्यासाठी तिथे काहीच नाही.

माझं वय ६७. दोन वर्षांपूर्वी याच बागेत उखडलेल्या फरशीला अडखळून पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका पायावर उभं राहायला सांगितलं. चार सेकंदांत पाय टेकला. लहानपणी लंगडीत अख्खं अंगण पालथं घालणारी मी, त्या दिवशी रडूच आलं. तेव्हापासून रोज दूध तापेपर्यंत ओट्याला दोन बोटं टेकवून उभी राहते. घोटा थरथरतो, अंगठा फरशी धरू बघतो, नजर पातेल्यावरून हलली की पाय खाली आलाच. आता पंचविसापर्यंत आकडे मोजून होतात.

तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपाय काय कळवतात, ते मेंदूला क्षणोक्षणी जुळवावं लागतं. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सरासरी ६७ वर्षांच्या १३८७ जणांना तपासलं. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना एका पायावर २० सेकंद उभं राहता येईना, त्यांच्या मेंदूत नकळत होऊन गेलेल्या बारीक पक्षाघातांच्या खुणा जास्त सापडल्या. या व्यायामाने मेंदू सुधारतो, असं यावरून म्हणता येणार नाही. पण तोल बिघडला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगायला हवं. जर्मनीत माग्डेबुर्गला ज्येष्ठांच्या एका गटाला १८ महिने सतत नव्या पावलांचं नृत्य शिकवलं, दुसऱ्याकडून नेहमीचा व्यायाम करून घेतला. स्मरणशक्तीशी संबंधित मेंदूचा भाग दोन्ही गटांत वाढला, तोल मात्र नाचणाऱ्यांचाच सुधारला. वाचताना मला मंगळागौरीचा झिम्मा आठवला. टाळी, गिरकी, पुन्हा टाळी, आणि समोरचीची लय चुकवायची नाही! आता श्रावणात सुपारी घेतलेले गट खेळतात आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवतात.

महापालिकेला विनंती आहे, उखडलेली फरशी आधी बसवा. मग एखादं यंत्र कमी घ्या, पण सपाट जागी दहा-बारा फुटांचा, कमरेएवढा कठडा लावा. माझ्या चार मैत्रिणी यायला तयार आहेत, धरायला काही नाही म्हणून घरी थांबल्यात.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली