फ्रीटाउनहून बाबांना

ती. बाबा, नमस्कार. आईला सांगा जेवतोय नीट, इथेही लोकांना रोज भातच लागतो, बाकी कितीही खाल्लं तरी भाताशिवाय जेवलो म्हणत नाहीत, अगदी आपल्या आजीसारखं.

त्या दिवशी तुम्ही विचारलंत की सिएरा लिओनमध्ये युद्ध झालेलं ना, तिथे कसला आलाय धंदा, आणि फोन कट झाला. अहो ते 2002 मध्येच संपलं, अकरा वर्षं चाललं होतं. आता रस्त्यावर बघाल तर बजाज आणि टीव्हीएस, आपल्याच रिक्षा, इथे केके म्हणतात आणि बाइक टॅक्सीला ओकाडा. ठाणे स्टेशनबाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त मीटरवरून भांडण नाही कारण मीटरच नाही.

आमच्या गोडाउनमधला मेकॅनिक, लहान असताना त्याच्या हातात बंदूक दिलेली. तो स्वतःहून बोलत नाही, मीपण विचारत नाही. युद्ध संपताना 70 हजारांवर लोकांनी हत्यारं टाकली, मग त्यांना कोर्स दिले, सुतारकाम, शिवणकाम, साबण बनवणं असले. हा सुतार झाला, शेवटी पेटी मिळाली, करवत, रंधा, हातोडी सगळं. पण गावात एकदम इतके सुतार झाले आणि खुर्ची घ्यायला पैसे कोणाकडे होते, महिनाभर वाट बघून पेटी विकली आणि तांदूळ आणला. मग दुसऱ्याची ओकाडा चालवली, रोज मालकाला ठरलेले पैसे द्यायचे वरचे आपले, आपल्याकडे शिफ्टवर रिक्षा चालवतात तसंच. हजारो पोरांनी हेच केलं, युनियनपण काढल्या. बस कमी, घरं डोंगरावर, माणसाला जायचं तर असतंच ना! कोर्स देणाऱ्यांना हे आधी दिसायला हवं होतं असं मला वाटतं.

वागळे इस्टेटमधली तुमची कंपनी बंद झाली तेव्हा तुम्हालाही कॉम्प्युटरचा कोर्स करा म्हणाले होते, तुम्ही चिडून घरी आलेलात ते आठवलं.

आता हा बाइकची इंजिनं खोलतो, ते ओकाडा चालवतानाच शिकला, पण मापं सगळी अंदाजाने, नखाने चाचपून. तुमचा बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलाय ना अजून? आमचे एक साहेब पुढच्या महिन्यात मुंबईला येतायत, त्यांच्याकडे द्याल का. द्यायचा नसेल तर तसं सांगा, मी त्याला अजून काही बोललेलो नाही.

तुमचा,
बंड्या