डावीकडचं ‘हो’, उजवीकडचं ‘नाही’

सोलापूर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अंब्या,

काय करलालास बे?

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. दिवाळीला फोन केला नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. फोनवर हे सांगायला दोनदा सुरुवात केली होती, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तरी मध्ये तोंड घालता येत नाही. माझी शुगर आहे तिथेच आहे. हिचे गुडघे दुखतात. पाणी पाचव्या दिवशी येतं. झालं घरचं.

लॅपटॉप घेतला. हसू नकोस. सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही, पण वहीतले हिशेब आता कुणी बघत नाही, सगळ्यांना एक्सेल पाहिजे. ही म्हणाली, नव्या पेठेतून घ्या, बिल मिळतं, बिघडला तर नेऊन काउंटरवर आपटता येतो. आता आपल्याला सरळ रस्ता कधी आवडलाय? माझा भाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलवाल्यांकडे आहे ना, तो एप्रिलात मालकाबरोबर चीनला, ग्वांगझोला निघाला होता. तिथे ती कँटन फेअर, व्यापाऱ्यांची जत्रा, भरते, वर्षातून दोनदा. मी म्हटलं, येताना एक घेऊन ये. आणला. ३,२०० युआन, म्हणजे आपले ३८ हजार. इथल्यापेक्षा पंधरा हजारांनी स्वस्त. हे पंधरा हजार मी हिला इतक्यांदा ऐकवले की शेवटी ती म्हणाली, ‘ते वाचलेले पैसे एकदा दाखवा तरी.’

बाहेरून काही कळत नाही बघ. कीबोर्ड आपल्यासारखाच, ए-बी-सी-डीचा. चिनी माणूस रोमनमध्ये उच्चार टाइप करतो आणि खाली जी अक्षरं येतात त्यातून हवं ते उचलतो. मी खुशीत चालू केला आणि समोर सगळं चिनी. ‘विंडोज ११’ एवढं सोडलं तर एक अक्षर लागेना. भाचा म्हणाला, ‘मामा, भाषा बदलायला दोन मिनिटं लागतात.’ मग पडद्यावर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचत बसलो. विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि आय दाबायचा, की भाषा कुठलीही असो, सेटिंग्ज उघडतात. त्यात वेळ आणि भाषा, त्याच्या पोटात भाषा आणि प्रदेश. इंग्रजी घातली, आली. मराठी घातली, तीही आली. छाती फुगली माझी. पण पडदा ज्या भाषेत दिसतो ती निवडायची जागा काही हलेना. चिनी एके चिनी. खाली एक ओळ होती, तिचं भाषांतर निघालं: तुमच्या परवान्यात एकच प्रदर्शन भाषा चालते.

सात रस्त्याजवळ एक पोरगा आहे, त्याच्याकडे नेला. त्याने ‘विनव्हर’ असं काहीतरी टाइप केलं, एक चौकट उघडली, आणि डॉक्टर एक्स-रे बघून गप्प होतात तसा गप्प झाला. ‘काका, हे विंडोजचं होम चायना आहे.’ चिनी नावाचा शब्दशः अर्थ म्हणे घरगुती चिनी आवृत्ती. चीनमध्ये विकायच्या मशीनवर ही घालतात, ती जन्मभर चिनीच बोलणार. लिहायला हवी ती भाषा घ्या, मराठी घ्या, पण हे स्वतः तुमच्याशी बोलेल ते चिनीतच. जर्मनीतून आणला असता तर बहुतेक साधं होम मिळालं असतं, त्यात भाषा बदलता येते. मी म्हटलं, मग इथलेच बरे. तर तो म्हणतो, इथल्याही बऱ्याच लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज असतं, तेही एकभाषीच, पण ती एक भाषा इंग्रजी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही! पोरगा तेवीस-चोवीसचा असेल, पण हे बोलला ते मला पटलं.

उपाय आहेत. विंडोज प्रोचा परवाना विकत घ्यायचा, म्हणजे कुलूप निघतं. किंवा सगळं पुसून साधं होम टाकायचं. पण त्यालाही परवाना नवाच लागणार, कारण जुन्याची चावी मदरबोर्डच्या चिपमध्ये असते आणि ती फक्त चिनी कुलपाला लागते. तिसरा उपाय विंडोजऐवजी लिनक्स, फुकट, पण मी या वयात पुन्हा पहिलीत बसणार नाही. पूर्ण मराठीत येईल का, असंही विचारलं. तर म्हणे मराठीच्या खाली इंग्रजीचा पाया लागतो, आणि जिथे मराठी केलेलं नाही तिथे खालची इंग्रजी दिसते. काहीही केलं तरी वाचवलेल्या पंधरा हजारांचा लचका तुटणारच होता. चूक माझी. आणायला सांगताना कुठली आवृत्ती हे विचारलंच नव्हतं. हिला मात्र सांगितलं, ‘सवय व्हावी म्हणून तशीच ठेवलीय.’

ही काय म्हणाली असेल? ‘कोटणीसांच्या गावचे शोभता.’ तेव्हापासून घरात माझं नाव के दिहुआ. ते कोटणीसांचं चिनी नाव, हे तिला माझ्याकडूनच कळलेलं. अरे, तो माणूस १९३८ साली चीनला गेला, चिनी शिकला, लढाईत लोकांची ऑपरेशनं केली, बत्तिसाव्या वर्षी तिथेच संपला. आणि मी बासष्टीचा माणूस, लॅपटॉप बंद करायचं बटण शोधतोय.

पण चार-पाच महिन्यांत शिकलो. भाषा नाही, जागा. ‘करू का?’ असं विचारणारी चौकट आली की डावीकडचं हो, उजवीकडचं नाही. खालच्या बटणावर टिचकी मारली की तीन ओळी येतात. दुसरी बंद करायची, तिसरी बंद करून पुन्हा चालू करायची. एक्सेलमध्ये सेव्ह करायला कंट्रोल एस, तो सगळीकडे तोच. असा मी इतका सराईत झालो की शेजारचे बघायला यायचे. मी न वाचता भराभर दाबायचो आणि त्यांना वाटायचं वाचतोय. मलाही थोडं तसंच वाटायला लागलं होतं.

आता सप्टेंबरातली गोष्ट. सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावीच लागते, पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, टीव्हीला लॅपटॉप जोडला. चित्र येईना. अशा वेळी बंद करून चालू करायचं, हे आता लहान पोरालाही माहीत आहे. खालच्या बटणावर टिचकी मारली. खजिनदार कानाशी बोलतायत, चाळीस माणसं बघतायत. मी नेहमीसारखी तिसरी ओळ दाबायला गेलो. त्या दिवशी ओळी तीन नव्हत्याच. अपडेट येऊन पडलेलं असलं की त्या यादीत मध्येच दोन ओळी वाढतात, अपडेट करून बंद करा, अपडेट करून चालू करा. ते काही मी वाचलं नाही, वाचणार कसा? मोजलंही नाही. हात जिथे जायचा तिथे गेला. पडदा काळा झाला, मग निळा, मग ते गोल फिरणारं कडं. आणि चित्रही नेमकं तेव्हाच टीव्हीवर आलं! खाली चिनी मजकूर, त्यात वाचता येईल असा फक्त टक्क्यांचा आकडा. सात टक्के. अकरा टक्के. बंद करू नका असं लिहिलंय, हे दुसऱ्या कुणीतरी मोबाइल धरून वाचून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, ‘सेक्रेटरी, आमचा मेंटेनन्स बीजिंगला चाललाय काय?’ सगळे हसले. मीही हसलो. मग आणखी कुणीतरी काही बोललं, ते मला नीट ऐकू आलं नाही, पण हसले ते माझ्याकडे बघून. चाळीस मिनिटं, अंब्या. मी रिमोट हातात धरून उभा.

आणि तिथे उभ्या उभ्या मला तू दिसलास. सहावीच्या वर्गात, भिंतीला टेकून उभा.

जून १९७३, आठवतं? दुष्काळ संपून पहिला बरा पाऊस. तू तेलुगू शाळेतून पाचवीला आमच्यात आलास. तुला मराठी येत नव्हतं, मला वाटतं ‘पाणी’ आणि ‘बाई’ एवढंच. पण आठवड्याभरात तू कुठेच चुकत नव्हतास. लिंबाच्या झाडापासून तिसरं दार, तिसऱ्या दारात दुसरा बाक. वह्या कधी काढायच्या, कधी ठेवायच्या, ते पुढच्याचे खांदे बघून. आम्हाला वाटायचं तुला कळतंय. मग आमच्या वर्गाचं छत गळायला लागलं आणि एका सोमवारी वर्ग बदलले. फळ्यावर लिहिलं होतं, मराठीत. तू आपला लिंबापासून तिसऱ्या दारात शिरलास, तिथे सहावी बसली होती. मधल्या सुट्टीपर्यंत तू तिथेच. त्या सरांनी ‘पुस्तक काढ’ म्हटलं, तू काढलंस, ते पाचवीचं. दोन छड्या.

एवढं तुला माहीत आहे. पुढचं नाही. मी तुला खिडकीतून बघत होतो. आमच्या नव्या वर्गातून ती खिडकी सरळ दिसायची. बाईंनी हजेरी घेतली, तुझं नाव आलं, आणि ‘आला नाही बाई’ असं मीच ओरडलो. मजा म्हणून. शेजारच्याला कोपर मारून खिडकी दाखवली, दोघं हसलो. शाळा बुडवली म्हणून तुझ्या घरी निरोप गेला तो त्यातूनच. तुला घरी काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. सांगणार कुठल्या भाषेत, मला तेलुगू येत नव्हतं. त्याच संध्याकाळी मी तुझ्या घरी गोट्या खेळायला आलो होतो. अम्मा पडवीत विड्या वळत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘तिन्नावा रा?’ आणि मी जेवलो! तुझ्या ताटाशेजारी बसून. मला आजही तेवढंच तेलुगू येतं.

बावन्न वर्षं झाली. नववीपासून आपण दोन वर्षं बोललो नाही, ते गॅदरिंगमधल्या नकलेवरून, असं तू समजतोस. मी मात्र तेव्हा घाबरलो होतो की तुला हे कळलं. आणि दहावीला मराठीत तुला ७८ आणि मला ६१, तेव्हा मला राग आला होता की बरं वाटलं होतं, ते आता आठवत नाही. राग आला असावा. अम्मा गेल्या तेव्हा भिवंडीला यायचं सोडून दोन मिनिटं फोनवर बोललो, त्यालाही हेच कारण होतं असं म्हणणार नाही. तेव्हा आळसच होता.

बास. तुझं काय? लूम विकलेस म्हणे, चांगलं केलंस की वाईट ते तूच जाणे. नातीचं बारसं झालं का? वहिनींना साष्टांग. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ये, खोली रिकामी आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हिने आत्तापासून कबूल केलीय, हुरडा कुठून आणायचा ते मी बघतो.

हे पत्र त्याच मशीनवर लिहिलंय. यादी, बटणं, सगळं चिनीत, आणि मधल्या कागदावर माझी मराठी. ऑफिसात सक्तीने इन्स्क्रिप्ट शिकवलं होतं, ते इथे कामाला आलं. परवा एक गंमत कळली. हा कीबोर्ड सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठीत ज्या बटणावर क, तेलुगूत त्याच बटणावर तुमचा क. म्हणून तेलुगूचा कीबोर्ड जोडला आणि मराठीत तुझं नाव लिहिताना बोटं जातात तशीच चालवली. मागच्या पानावर, खाली कोपऱ्यात आहे. वाटोळं-वाटोळं काहीतरी उमटलंय, मला वाचता येत नाही. बरोबर आहे का ते बघून सांग.

परवाना अजून घेतलेला नाही. हिला खर्चही सांगितलेला नाही. फोन केलास आणि तिने उचलला, तर लॅपटॉपचं नाव काढू नकोस.

तुझा,
दिन्या