तो पांढरा भाग रंगवायचा राहिलेला नाही

महोदय,

अमेरिकी शिल्पकार कोर्टनी मॅटिसन यांच्या सिरॅमिकच्या प्रवाळशिल्पांवर कालच्या पुरवणीत अर्धे पान आले. मराठी वृत्तपत्राने एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. पण फोटो कृष्णधवल! मधोमध रंगीबेरंगी, जिवंत प्रवाळ आणि त्याभोवती चक्रीवादळासारखे फिरत गेलेले पांढरे सांगाडे, अशी त्या शिल्पाची रचना आहे. तुमच्या पानावर सगळे सारखेच राखाडी. मग वाचकाला कळणार काय? त्यावर खाली ओळ, ‘शुभ्र प्रवाळांची मनोहारी नक्षी’. ती वाचून मी पेपर बाजूला ठेवला. रात्री परत उघडला आणि हे पत्र लिहायला बसले.

पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षाही एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते. त्याचे बहुतेक अन्न हे शैवालच तयार करत असते. ते गेले की रंगही जातो आणि आतला चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. त्या वेळी प्रवाळ उपाशी असते, पण मेलेले नसते. पाणी वेळेत निवले तर ते सावरू शकते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा विरंजनाची चौथी मोठी घटना जाहीर केली. तुमच्या लेखात प्रवाळाला ‘समुद्री वनस्पती’ म्हटले आहे, तेही दुरुस्त करा. प्रवाळ हा प्राणी आहे.

मला एवढे का लागले ते सांगते. मी गेली बावीस वर्षे सिरॅमिक शिकवते. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका शाळेत आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही मातीचे प्रवाळ केले. काड्यांनी हजारो भोके पाडायची, वळ्या काढायच्या, महिनाभर हेच काम. एका मुलीचे वडील पर्यटकांना होडीतून समुद्रात नेतात. तिने मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ केले. अर्ध्या भागाला निळे-हिरवे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, दिले, अर्धा भाग बिस्किट भाजणीचा, म्हणजे लेपाशिवाय नुसता भाजलेला, तसाच पांढरा ठेवला. “बाई, बाबांनी मला मालवणला असंच दाखवलं होतं,” म्हणाली. मी तिला सांगितले की ग्लेझमध्ये आपण व्हायटिंग नावाची जी पांढरी पूड घालतो ती कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, आणि प्रवाळ आपला सांगाडा बांधते तोही त्याचाच. ती कितीतरी वेळ हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सजावटवाल्यांनी सगळे पांढरे भाग गुलाबी आणि सोनेरी ऑइलपेंटने रंगवून टाकले. पाहुणे येणार, काम अर्धवट दिसते, असे कारण मिळाले. सकाळी ती मुलगी रॉकेलचा बोळा घेऊन घासत बसली होती. ग्लेझवरचे शिंतोडे पटकन निघाले. पांढरा भाग मात्र सच्छिद्र, त्याने रंग आत शोषून घेतला होता. तो शेवटपर्यंत गेला नाही. शाळेत कोणालाही यात काही बिघडले असे वाटले नाही. काल तुमची ती ओळ वाचली आणि मला तिचे सोनेरी झालेले बोट आठवले.

लेखाच्या शेवटी भट्टी जाळून पर्यावरणाचे धडे कशाला, असा प्रश्न विचारला आहे. भट्टीला इंधन लागते, मान्य. म्हणूनच भट्टी पूर्ण भरल्याशिवाय मी पेटवत नाही. पण मॅटिसन यांची २०१८ची कलाकृती जकार्तातल्या अमेरिकी दूतावासाच्या भिंतीवर आहे. कामासाठी येणारा माणूस तिच्यासमोर उभा राहतो. समुद्रात कधीही डोके न बुडवलेल्या माणसाला पाण्याखाली काय चालले आहे ते दिसावे, याचे मोल मी तरी इंधनात मोजणार नाही. आणि भाजलेली माती नाजूक असते. शाखा हातात धरली की मोडेल अशी भीती वाटते. ती भीती कोणत्याही आलेखाने मला कधी वाटली नाही.

मालवणला स्नॉर्केलिंग करणारे पर्यटक दम लागला की थेट प्रवाळांवर पाय देऊन उभे राहतात. त्यावर मी डिसेंबरात आपल्याकडे पत्र पाठवले होते. ते छापले गेले नाही. हंगाम पुन्हा येईल, तेव्हा तरी त्या पत्राचा विचार व्हावा.

आणि शिल्पाचा तोच फोटो येत्या रविवारी रंगीत छापावा, ही विनंती. लहान छापलात तरी चालेल.

आपली,
एक सिरॅमिक शिक्षिका, रत्नागिरी