रविवारची बैठक : हेलॉन हबिला

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत मासिक बैठक आहे. या वेळचे लेखक नायजेरियाचे कादंबरीकार-पत्रकार हेलॉन हबिला.

लागोसमध्ये पत्रकारिता करता करता त्यांनी कथा लिहिल्या आणि २००० साली संग्रह स्वखर्चाने छापला. त्यातल्या ‘लव्ह पोएम्स’ला २००१ चा केन पुरस्कार (आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी लघुकथेसाठीचा) मिळाला. लष्करी राजवटीत तुरुंगात डांबलेला लोंबा हा पत्रकार तुरुंगाधिकाऱ्याला त्याच्या मैत्रिणीसाठी प्रेमकविता लिहून देतो आणि त्याच ओळींत स्वतःच्या सुटकेची हाक दडवतो. एवढी गोष्ट तरी प्रत्येकाने वाचून यावीच, ही आग्रहाची विनंती. ‘वेटिंग फॉर अ‍ॅन एंजल’ (२००२) या कादंबरीत ती आहे.

जमल्यास ‘ऑइल ऑन वॉटर’ (२०१०) चाळा. नायजर नदीच्या मुखाशी, तेलाने नासलेल्या पाण्यातून दोन पत्रकार अपहरण झालेल्या ब्रिटिश बाईच्या शोधात निघतात. माझ्या मते त्यांची सर्वांत ताकदीची कादंबरी हीच.

नायजेरियातल्या चिबोक गावच्या शाळेतून २०१४ साली पळवून नेलेल्या मुलींवरच्या त्यांच्या पुस्तकाबद्दल शेवटी बोलू. विषय जड आहे. कुणाला त्याआधी निघायचे असेल तर निःसंकोच निघावे.

– ग्रंथालयात प्रत्येकी एकच प्रत आहे. दोन दिवसांत परत करावी.
– येणार का, ते गुरुवारपर्यंत इथेच कळवावे.
– आवडलेला एक उतारा खूण करून आणावा. मोठ्याने वाचायचा आहे.