तुझा म्हातारा खुळखुळतोय

पुणे, रविवार

प्रिय नंद्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. शिव्या फोनवर दे, इथे जागा कमी आहे. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

काम असं आहे की तुझा मॉडेल एम, तो आयबीएमचा जुना कीबोर्ड, तिरका केला की आत काहीतरी घरंगळतं. तू पुणं सोडताना 'हात लावू नकोस' म्हणाला होतास, म्हणून लावलेला नाही. पण हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर 'सातशे रुपयांत नवा येतो' म्हणतील, म्हणून तुलाच लिहितोय.

घरंगळतायत ती रिव्हेटची मुंडकी. रचना तुला माहीतच आहे: वर बटणांच्या स्प्रिंगा बसतात त्या नळ्यांचं काळं प्लास्टिक, त्याखाली रबरी मॅट, मग तीन पापुद्र्यांचं मेंब्रेन (चांदीच्या वाहक रेघांचा प्लास्टिकचा कागद) आणि तळाला पोलादी पत्रा. हे सगळं आवळून धरायला वेगळा स्क्रू नाही. काळ्या प्लास्टिकलाच पन्नासेक बारीक खुंट आहेत, ते पत्र्याच्या भोकांतून बाहेर काढून गरम करून चेपलेले. पत्रा पन्हाळीसारखा वाकवलेला, म्हणजे खुंटांवर कायम ताण. पाठीवरच्या लेबलवर 1391401 नंबर आणि 1989 साल आहे. इतक्या वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होणारच. चार-पाच मुंडकी गेली तर बोटांना कळत नाही. शेजारशेजारची गेली की त्या जागी पत्रा सैल पडतो, स्प्रिंग वाकते, 'टक' आवाजही येतो, पण स्प्रिंगेखालचा छोटा हातोडा मेंब्रेनला पुरता टेकत नाही. तुझ्याकडे 'बी', 'एन' आणि स्पेसबारचा उजवा भाग असाच झालाय: जोरात मारलं तर उमटतं, नाहीतर नुसताच टकटकाट.

खरी काळजी ही नाही. रिव्हेटवर इलाज आहे. काळजी मेंब्रेनची आहे, कारण तो चहा. (कोणी सांडला हा विषय मी उकरून काढत नाहीये. तूच सांडलास.) एखादंच बटण गेलं तर दोष स्प्रिंगचा किंवा हातोड्याचा. मेंब्रेनवरचं जाळं 16 बाय 8 रेघांचं, त्यामुळे एकाच रेघेवरची तीन-चार बटणं एकदम गेली तर रेघ कुरतडली गेलेली असते, नाहीतर मेंब्रेनची रिबन कंट्रोलरच्या (आतल्या सर्किट बोर्डाच्या) खाचेत नीट बसलेली नसते. अजून तसं दिसत नाही. पण साखरेचा चहा आत वर्षानुवर्षं मुरत असेल तर उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडायचं म्हणजे उरलेली शाबूत मुंडकीही तासायची. तिथून परतीचा रस्ता नाही. म्हणून तुझा होकार हवा.

तू 'हो' म्हणालास तर असं करणार. पाठीमागचे चार स्क्रू 5.5 मिलिमीटरच्या षट्कोनी डोक्याचे आहेत, खोल भोकात बसलेले. साधा पाना आत शिरत नाही, पातळ भिंतीचा लांब नट ड्रायव्हर लागतो. बोहरी आळीत मिळतो, पण भिंत किती जाड ते बघून घ्यायचा, नाहीतर कव्हरला चीर जाते. बटणांचा फोटो काढून टोप्या सरळ वर ओढून काढायच्या. बहुतेक टोप्या दोन तुकड्यांच्या असतात, वरची अक्षराची आणि खालची दांडी. दोन्ही काढायच्या. मग रिबन आणि अर्थिंगची वायर सोडवून सांगाडा बाहेर.

सांगाडा पालथा ठेवायचा, नळ्या खाली, पत्रा वर. हे विसरलं की सगळे हातोडे आणि स्प्रिंगा टेबलावर, आणि मग संध्याकाळ गेली. धारदार पटाशी पत्र्याला सपाट लावून मुंडकी तासायची. पत्रा उचलला की मेंब्रेन हळू सोलायचं, ओढायचं नाही. मेंब्रेनवर चिकटा असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा ओलसर बोळा, घासायचं नाही. चांदीची रेघ तुटली असेल तर वाहक रंगाचा ब्रश. सोल्डरिंग आयर्न जवळही न्यायचं नाही, प्लास्टिकचा कागद आहे तो.

भोकांसाठी 1.5 मिलिमीटरचं बिट, स्क्रू एम टू (2 मिलिमीटर जाडीचे), 8 मिलिमीटर लांब, बरोबर नट. ड्रिल मंद ठेवायचं. वेग वाढला की प्लास्टिक वितळून बिटला धरतं आणि बिट मोडतं. बिट तिरकं गेलं तर नळीची भिंत फुटते, आणि स्पेसबारच्या ओळीत जागा सगळ्यात अरुंद आहे. तिथलं एखादं भोक चुकतंय असं वाटलं तर ते सोडून द्यायचं, बाकीचे स्क्रू पुरे होतात. स्क्रू मधून सुरू करून कडांकडे जायचं, आधी सगळे सैल, मग थोडे थोडे आवळायचे. एका बाजूनं पक्के करत गेलास तर पत्रा दुसरीकडे उचलतो. कव्हर लावण्यापूर्वी प्रत्येक बटण दाबून बघायचं. 'टक' नसेल तर सांगाडा उभा धरून टोपी परत बसवायची म्हणजे स्प्रिंग जागेवर येते.

संग्रह करणाऱ्यांत एक जमात आहे जी म्हणते, मूळ रिव्हेट म्हणजे मूळ वस्तू, तुटले तरी तसेच ठेवा. मला ते पटत नाही. टाइप न होणारा कीबोर्ड म्हणजे दोन किलोंचा पेपरवेट. पुढे विकायचा असेल तर वेगळी गोष्ट, पण तू विकणार नाहीस हे दोघांनाही माहीत आहे. पाठीच्या लेबलला मात्र पाणी किंवा अल्कोहोल लागू देणार नाही. हवा तर नवाही मिळतो, केंटकीतली युनिकॉम्प 1996 पासून हेच डिझाइन बनवतेय, पण कस्टम ड्युटी धरून हिशेब करून बघ म्हणजे ड्रिलची भीती आपोआप जाईल.

आणि पेरॉक्साइडचा वाद परत नको. तुझ्या मॉडेल एमच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या, त्या पिवळ्या पडत नाहीत, त्यांना कोमट पाणी आणि कवळी धुवायच्या गोळ्या भरपूर झाल्या. पिवळं पडतं ते दुसरं प्लास्टिक, एबीएस. त्याला 12 टक्क्यांचं पेरॉक्साइड, म्हणजे पार्लरवाल्यांचं 40 व्हॉल्यूमचं क्रीम, लावून उन्हात ठेवलं तर उजळतो हे खरं आहे. पण क्रीम कुठे वाळलं की पट्टे पडतात, आणि पिवळेपणा पुढे परततोच. माझ्या मते म्हातारपणाला रंग लावायची गरज नाही. केसांबद्दल मी बोलत नाहीये, चिडू नकोस.

तुझ्या दुकानातल्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डचं: 'ए' दोनदा उमटतो हा कॉन्टॅक्टवरच्या मळाचा प्रकार. टोपी काढून स्विचवर 'चेरी' (स्विच बनवणारी कंपनी) अक्षरं आहेत का बघ. असतील तर अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडून पन्नासेक वेळा दाब, वाळू दे. तेवढ्यानं नाही गेलं तर स्क्रोल लॉकचा स्विच काढून 'ए'ला लाव. तो या जन्मात कुणी दाबलेला नसतो. डिसोल्डर करताना आधी थोडं ताजं सोल्डर घाल, 350 अंशाला पंप मार, आयर्न दाबून धरू नकोस, नाहीतर बोर्डाचं पॅड उखडून हातात येतं. उखडलंच तर रेघ जिथे जाते तिथवर बारीक वायर टाक. नवा स्विच हवा असेल तर सांग, तापकीर गल्लीत विचारतो. पण तिथे 'ब्लू' (टकटक वाजणारा स्विच) म्हणून काहीही देतात.

पोरीची दहावी कशी झाली? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं का? वहिनींना नमस्कार सांग. पिंट्या हल्ली जुन्या बाजारात सगळ्यांच्या आधी पोचतो आणि कीबोर्ड किलोवर उचलतो, त्याला तू काहीतरी बोल, माझं ऐकत नाही.

जुनी गोल पिनांची ती वायर अजून तुझ्याकडेच आहे ना? पाठव. बाजारातला साधा जोडतुकडा याला चालत नाही, सिग्नल यूएसबीत बदलणारा चिपवाला कन्व्हर्टर लागतो, तो मी प्रो मायक्रो या छोट्या बोर्डावर करून ठेवलाय. उत्तर एका शब्दात चालेल. 'उघड' किंवा 'नको'. 'नको' असेल तर वायर पाठवूच नकोस.

तुझा,
सुन्या