परदेशातील माध्यम-शिक्षण : रविवारची बैठक

सभासद पालक व विद्यार्थी मित्रहो,

आंतरराष्ट्रीय माध्यमे आणि संज्ञापन या विषयात परदेशात एम.ए. करू इच्छिणाऱ्यांसाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता बडोद्याच्या दांडिया बाजारातील आपल्या सभागृहात बैठक आहे. नावे शनिवारपर्यंत कार्यालयात नोंदवावीत.

• पदवीच्या गुणपत्रिका आणि स्वतः लिहिलेली एखादी बातमी किंवा लेख आणा. दुसऱ्याकडून लिहून घेतलेले चालणार नाही.
• ब्रिटन सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. त्यामुळे शेवटच्या वर्षातल्या मुलांनी सध्या तिच्यावर विसंबू नये.
• आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षे चालतात. परीक्षेची घाई नको.

बैठकीआधी कोणत्याही एजंटाला पैसे देऊ नका, ही कळकळीची विनंती. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले होते. पैशांच्या चिंतेने मुलांना मागे ठेवू नका, आधी येऊन विचारा.

– कार्यवाह